गाण्यांचे टॅग बिघडले, तर स्क्रिप्टने दुरुस्ती कशी करायची

टॅग म्हणजे गाण्याच्या फाइलमध्येच साठवलेली शीर्षक, कलाकार, अल्बम अशी माहिती. हजारो गाण्यांच्या संग्रहात नावांच्या जागी कचरा दिसायला लागला की पहिला मोह होतो तो अख्खा फोल्डर एखाद्या टॅग-एडिटरमध्ये ओढून ‘आपोआप दुरुस्त करा’ दाबण्याचा. तो आवरा. बिघाड अनेक तऱ्हांचे असतात, वरून सारखेच दिसतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याची उरलीसुरली माहितीही घालवतो. म्हणून आधी एकच प्रश्न विचारायचा: फाइलमधले बाइट शाबूत असून फक्त ते वाचण्याची पद्धत चुकते आहे, की बाइटच गेले आहेत? पहिल्या तऱ्हेचं सगळं स्क्रिप्ट अक्षरशः जसंच्या तसं परत आणते. दुसऱ्या तऱ्हेतलं ती आणू शकत नाही. ते दुसरीकडून मिळवावं लागतं, आणि स्क्रिप्टने तिथे हुशारी दाखवायची नाही.

हाताशी हवं ते एवढंच: पायथन ३, त्यातली टॅग वाचणारी-लिहिणारी म्युटाजेन ही लायब्ररी, ध्वनी-फाइली हाताळणारं एफएफएमपेग, आणि फ्लॅक (दर्जा न घटवता ध्वनी साठवणाऱ्या) फाइल्स असतील तर फ्लॅकसोबत येणारी फ्लॅक व मेटाफ्लॅक ही दोन कमांड-लाइन साधनं.

टॅग नेमका कुठे असतो

एकाच एमपी३ फाइलमध्ये तीन-तीन टॅग नांदू शकतात, आणि ‘फोनवर नाव बरोबर दिसतं, संगणकावर कचरा’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. आयडी३ ही एमपी३मध्ये टॅग लिहिण्याची रूढ पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९६ची. ती फाइलच्या अगदी शेवटी बरोबर १२८ बाइटांत बसते: ओळखीची ३ अक्षरं, शीर्षक ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, टिप्पणी ३० आणि संगीतप्रकाराचा १ बाइट. या शेवटच्या बाइटात शून्य म्हणजे ब्लूज. ज्या प्रोग्रॅमांनी तो न भरता शून्यच ठेवला, त्यांच्या कृपेने अंगाईगीतंसुद्धा ब्लूजमध्ये जमा होतात. आयडी३ची दुसरी आवृत्ती फाइलच्या सुरुवातीला असते. तिच्यात लांबीचं बंधन जवळपास नाही आणि चित्रंही मावतात. तिसरा एपीई टॅग, तो शेवटाकडे. आवाजाची पातळी जुळवणारे काही प्रोग्रॅम तो गुपचूप लिहून ठेवतात.

फ्लॅक आणि ऑगमध्ये व्हॉर्बिस कॉमेंट ही टॅगची पद्धत असते. तिचा मजकूर नियमाने युटीएफ-८च (सगळ्या लिप्या बाइटांत लिहिण्याची एक पद्धत) असतो, त्यामुळे तिथे घोळ कमी. एम४एमध्ये माहिती एकात एक अशा पेट्यांत ठेवलेली असते, आणि माहितीची पेटी ध्वनीच्या आधी असेल तर तिची लांबी बदलल्यावर ध्वनीचे पत्तेही बदलावे लागतात. या फाइलला बाइट थेट बदलणाऱ्या हेक्स एडिटरने हात लावू नका. म्युटाजेन ते पत्ते नीट सांभाळते.

आधी नक्कल, मग यादी

पूर्ण संग्रहाची नक्कल वेगळ्या डिस्कवर असेल तर उत्तम. जागा नसेल तर निदान टॅगचे कच्चे बाइट काढून ठेवा. एमपी३साठी हे सोपं आहे. पहिले १० बाइट वाचा. सुरुवातीला आयडी३ची खूण असेल तर सातवा ते दहावा हे चार बाइट टॅगची लांबी सांगतात, पण प्रत्येकातले सातच बिट मोजायचे असतात. म्हणून लांबी = पहिला × २०९७१५२ + दुसरा × १६३८४ + तिसरा × १२८ + चौथा. हे चार बाइट ०, ०, १५, ११८ असतील तर १५ × १२८ + ११८ = २०३८, अधिक हेडरचे १०, म्हणजे टॅग एकूण २०४८ बाइटांचा. तेवढे बाइट आणि फाइलचे शेवटचे १२८ बाइट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. एपीई टॅग सापडला तर तोही.

मग संग्रहभर फिरणारी, काहीही न बदलणारी स्क्रिप्ट लिहा. दर फाइलमागे जेसन या मजकूर-स्वरूपातली एक ओळ: पूर्ण पत्ता, आकार, फाइलचा खरा प्रकार, कोणकोणते टॅग आहेत, आणि प्रत्येक फ्रेमचा (टॅगमधल्या एकेका नोंदीचा) एन्कोडिंग क्रमांक (अक्षरं बाइटांत कशी लिहिली ते सांगणारा) व मजकूर. प्रकार एक्स्टेंशनवरून ठरवू नका. म्युटाजेनचं सर्वसाधारण ‘फाइल’ फंक्शन मुख्यतः आतल्या बाइटांवरून तो ओळखतं, आणि एमपी३ म्हणवणाऱ्या फाइली एम४ए निघाल्या की अर्धी कोडी तिथेच सुटतात.

इथे पायथनच्या दोन खोड्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग युटीएफ-८ आहे असं स्पष्ट सांगितलं नाही, तर पायथन यंत्राच्या जुन्या कोडपेजने, म्हणजे अक्षर-तक्त्याने, लिहायला जातो आणि तुमची दुरुस्तीची यादीच बिघडते. दुसरी खोडी जास्त छुपी: मजकुरात नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली ‘शब्दातलं अक्षर’ ही खूण देवनागरी काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही. ती वापरून नावं तोडलीत तर ‘मराठी’चे तुकडे पडतील. अक्षर आहे का हे तपासणारं फंक्शनही ‘मराठी’ला नकार देतं. त्याऐवजी ‘रिकामी जागा, डॅश आणि ठिपका सोडून काहीही’ अशी उलटी खूण वापरा. एक गंमत मात्र फायद्याची: आकडा ओळखणारी खूण देवनागरी आकडेही ओळखते आणि पायथन ‘०३’चा सरळ तीन करतो. बाकीच्या प्रोग्रॅमांवर हा भरवसा नको, ट्रॅक क्रमांक इंग्रजी आकड्यांतच (1, 2, 3) लिहा.

अक्षरांचा कचरा: मुख्य काम

देवनागरी नावांच्या बाबतीत बहुतांश वेळ याच बिघाडावर जातो. आयडी३च्या २.३ आवृत्तीत मजकुरासाठी दोनच एन्कोडिंग आहेत: क्रमांक ० म्हणजे लॅटिन-१ (फक्त पश्चिम युरोपीय अक्षरांचं) आणि क्रमांक १ म्हणजे युटीएफ-१६. २.४ने (२०००) त्यात आणखी दोन घातली. त्यातलं क्रमांक ३ हे युटीएफ-८. बिघाड होतो तो असा: एखादा प्रोग्रॅम युटीएफ-८ बाइट लिहितो, पण फ्रेमवर चिठ्ठी क्रमांक ०ची चिकटवतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. हे लॅटिन-१ने वाचलं की दर चिन्हामागे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’ आणि लगेच चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह दिसतं. हा नमुना दिसला की खूश व्हा. माहिती बहुधा सगळी आत आहे.

दुरुस्तीचा गाभा इतकाच: चुकीच्या पद्धतीने वाचलेली अक्षरं पुन्हा बाइटांत बदला आणि ते बाइट युटीएफ-८ म्हणून वाचा. लॅटिन-१मध्ये २५६ बाइटांना २५६ जागा आहेत, म्हणून त्या वाटेने गेलेलं विनातोटा परत येतं. पण पुष्कळ प्रोग्रॅम लॅटिन-१ म्हणत प्रत्यक्षात विंडोज-१२५२ वापरतात, आणि त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. दुर्दैवाने आपल्या लिपीचा हलन्त १६५नंतर १४१ने लिहिला जातो आणि ऱ्हस्व उकार १६५नंतर १२९ने. म्हणजे जोडाक्षरं आणि उकार नेमके या भोकांत पडतात. ‘ए’चा तिसरा बाइट १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७.

म्हणून पायथनचं कडक विंडोज-१२५२ थेट वापरून चालत नाही. रूपांतर अक्षरागणिक करायचं:

अक्षराला विंडोज-१२५२मध्ये बाइट आहे? तोच घ्या.
नाही, पण युनिकोड क्रमांक २५६पेक्षा कमी आहे? तोच क्रमांक बाइट म्हणून घ्या.
तेही नाही? हा मजकूर या तऱ्हेने बिघडलेलाच नाही, त्याला हात लावू नका.
सगळे बाइट जमले की युटीएफ-८ने कडकपणे वाचा. चूक आली तर काहीही न बदलता ‘संशयित’ यादीत टाका.
जमलं आणि मजकूर बदलला, तर निकालावर हीच कसोटी पुन्हा लावा. तीन फेऱ्या पुरतात.

शेवटची ओळ दोनदा बिघडलेल्या टॅगसाठी आहे: कचरा वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने तोच खरा मानून पुन्हा साठवलेला असतो. चौथी ओळ सर्वांत मोलाची. ‘चुकलेले बाइट वगळा’ किंवा ‘त्याजागी खूण घाला’ हे पर्याय इथे कधीच द्यायचे नाहीत. युटीएफ-८ची घडण इतकी नियमबद्ध आहे, की खरोखर लॅटिन अक्षरांत लिहिलेलं युरोपीय नाव या कसोटीतून चुकून पार होणं फार अवघड. कडकपणा सोडला की हे संरक्षण संपलं. हेच काम एफटीएफवाय ही तयार लायब्ररी करते, पण संग्रहावर सोडण्याआधी ती आत काय करते ते माहीत असलेलं बरं.

आता संशयित यादी. तिच्यातला मोठा हिस्सा ‘ठ’ आणि ‘भ’चा निघतो. ‘ठ’चा तिसरा बाइट १६०, आणि लॅटिन-१मध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. टॅग-एडिटर नीटनेटकेपणाच्या नादात तिची साधी मोकळी जागा, म्हणजे ३२, करतात. २२४, १६४ यांच्यानंतर ३२ आलेला दिसला तर तिथे १६० बसवून पुन्हा वाचा, तो ‘ठ’च. ‘भ’चा तिसरा बाइट १७३, म्हणजे न दिसणारा मृदू डॅश. काही प्रोग्रॅम तो सरळ गाळून टाकतात.

तिसरा बाइट पूर्ण गळाला असेल, म्हणजे २२४, १६४ यांच्यानंतर लगेच पुढचा २२४ आला असेल, तर उमेदवार थोडेच उरतात: ठ, भ, झ, ए, ऐ, चंद्रबिंदू, क्वचित ऍ. २२४, १६५नंतर गळाला असेल तर जवळजवळ नेहमीच हलन्त किंवा ऱ्हस्व उकार. इथे स्क्रिप्टने सगळे पर्याय बनवून यादीत मांडावेत, निवड माणसाने करावी. मोह होतो की हलन्त जास्त आढळतो, तोच बसवून टाकू. पण ‘स्वर’ आणि ‘सुवर’ यांत फरक या एकाच बाइटाचा आहे.

आणखी दोन तऱ्हा ओझरत्या. युटीएफ-१६मध्ये बाइटांचा क्रम उलटला की रोमन नावं चिनी दिसतात आणि देवनागरी नावांत कॅनडाच्या आदिवासी भाषांची भौमितिक चिन्हं उगवतात. दर दोन बाइट अदलाबदल केले की झालं. आणि मजकूर साध्या रोमन अक्षरांचा, पण कशाचाच अर्थ लागत नाही असा असेल, तर तो कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टसाठी टंकलेला असू शकतो. त्याला त्या-त्या फॉन्टचा तक्ता लागतो, शिवाय ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा हलवावी लागते. वरची कसोटी त्याला हात लावत नाही, आणि तेच योग्य.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग किंवा काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, म्हणजे युनिकोड क्रमांक ६५५३३, दिसलं तर बाइट गेले. त्या फाइली वेगळ्या ‘हरवलेल्या’ यादीत काढा.

दुरुस्त झालेला मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा. ‘गाऱ्हाणं’मधला ‘ऱ’ एका चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण प्लेअर दोन वेगळे अल्बम दाखवतो. एनएफसी दोन्हींना एक करतो. ‘र’नंतर अदृश्य जोडक घालून लिहिलेलं तिसरं रूप मात्र तसंच राहतं. जोडक सरसकट पुसू नका, नाहीतर ‘गाऱ्हा’चा ‘गार्हा’ होईल. फक्त नावांची तुलना करताना जोडक आणि नुक्ता काढलेली किल्ली वापरा आणि अशा जोड्या हाताने जुळवा.

टॅगची चौकटच मोडली असेल तर

टॅगची सांगितलेली लांबी संपते तिथे एमपी३चा ध्वनी सुरू व्हायला हवा: एक बाइट २५५ आणि त्यानंतरचा २२४ किंवा त्याहून मोठा. मध्ये शून्यं असली तरी हरकत नाही. तसं नसेल तर लांबी चुकली आहे. लांबी खरीपेक्षा कमी लिहिली असेल तर टॅगचा उरलेला भाग ध्वनी समजला जातो, आणि काही प्लेअर गाण्याच्या सुरुवातीला टक्‌ किंवा खरखर ऐकवतात. त्याच जागी पुन्हा आयडी३ची खूण सापडली तर एकामागे एक दोन टॅग आहेत. म्युटाजेनला पहिलाच दिसतो. दुसऱ्यात जास्त माहिती असते असं पुष्कळदा होतं, तेव्हा काढण्याआधी तो वाचून घ्या.

२.४मध्ये फ्रेमच्या लांबीतही बाइटामागे सातच बिट मोजतात. काही जुन्या प्रोग्रॅमांनी तिथे आठ मोजले. लांबी १२८ बाइटांहून कमी असली तर दोन्ही हिशेब सारखेच येतात, म्हणून छोटी नावं नीट वाचली जातात आणि मुखपृष्ठाच्या चित्रापुढचं सगळं गायब होतं. म्युटाजेन कोणता हिशेब वापरलाय ते स्वतः ताडते. अशी फाइल नुसती उघडून पुन्हा साठवली तरी सुधारते.

फ्लॅकच्या पुढे कुणी आयडी३ टॅग चिकटवला असेल तर काढून टाका, तिथे त्याचं काही काम नाही. चित्र दिसत नसेल तर त्याचे पहिले बाइट बघा: २५५, २१६, २५५ म्हणजे जेपेग, १३७, ८०, ७८, ७१ म्हणजे पीएनजी. टॅगमधली घोषणा याच्याशी जुळवली की बहुधा पुरतं.

हरवलेली माहिती कुठून आणायची

आधी फाइलच्या आतच शोधा. दुसऱ्या आवृत्तीचा टॅग गेला असेल तरी शेवटचे १२८ बाइट अनेकदा शाबूत असतात. पण ३० बाइटांत देवनागरीची १० चिन्हंच बसतात, काना-मात्रा धरून, आणि मध्ये एखादी मोकळी जागा असली की शेवटचं चिन्ह मधोमध कापलं जातं. म्हणजे तिथून मिळते ती नावाची सुरुवात. तिच्यावरून फाइलच्या नावाशी ताळा जमवता येतो.

मग फाइल आणि फोल्डरची नावं, जुन्या प्लेलिस्ट फाइली, प्लेअरचा डेटाबेस, या क्रमाने. हे सगळं संपल्यावर ध्वनिठसा, म्हणजे आवाजावरूनच गाणं ओळखणारी खूण. क्रोमाप्रिंटचं एफपीकॅल्क हे साधन साधारणतः पहिल्या १२० सेकंदांवरून ठसा काढतं. तो अकूस्टआयडी या ठसे ओळखणाऱ्या ऑनलाइन सेवेला विचारायचा आणि मिळालेल्या ओळखीवरून म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-डेटाबेसमधून तपशील घ्यायचा. अकूस्टआयडीला सेकंदाला तीनपेक्षा जास्त आणि म्युझिकब्रेन्झला एकापेक्षा जास्त विनंत्या पाठवू नका. म्युझिकब्रेन्झला तुमच्या स्क्रिप्टची ओळख देणारं यूजर-एजंटही लागतं. ठसा ध्वनिमुद्रण ओळखतो, अल्बम नाही. तेच गाणं मूळ अल्बममध्ये असतं आणि दहा संकलनांतही. एकेक फाइल विचारत गेलात तर एका फोल्डरची गाणी सहा अल्बमांत विखुरतील. पूर्ण फोल्डरचे ठसे एकत्र घ्या आणि ज्या एका अल्बममध्ये सगळी गाणी, त्याच क्रमाने आणि दोन-तीन सेकंदांच्या फरकाने बसतात, तोच स्वीकारा.

बदल लिहिताना

स्क्रिप्टची पहिली फेरी कोरडी: जुनं मूल्य, नवं मूल्य, कारण, एवढं टॅबने तोडलेल्या फाइलमध्ये. ती स्प्रेडशीटमध्ये उघडायची असेल तर सगळे रकाने ‘मजकूर’ म्हणून आयात करा. तसं न केल्यास बारापैकी तिसरं गाणं, म्हणजे ३/१२, स्प्रेडशीटला तारीख वाटते, आणि ती साठवलीत की ट्रॅक क्रमांकांची वाट लागते.

लिहिताना मूळ फाइलला हात नको. त्याच डिस्कवर तात्पुरती नक्कल करा, तिच्यात टॅग लिहा, तपासा, मगच नाव बदलून मूळ जागी बसवा. मध्येच वीज गेली तरी एक पूर्ण फाइल शिल्लक राहते. फ्रेमचा मजकूर बदलला की तिचा एन्कोडिंग क्रमांकही ३ करा, नाहीतर जुनी ० ची चिठ्ठी तशीच राहील. म्युटाजेन सांगितलं नाही तर २.४मध्ये साठवते. गाडीतले किंवा जुने प्लेअर वापरत असाल तर २.३ मागा, तेव्हा मजकूर युटीएफ-१६ होतो. पण २.३मध्ये एका फ्रेममधली दोन नावं तिरक्या रेघेने जोडली जातात, आणि दोन गायक मिळून एक तिसराच कलाकार जन्माला येतो. दुभाजक काय हवा ते साठवतानाच सांगा.

आयडी३ची पहिली आवृत्ती मात्र काढून टाका, म्हणजे साठवताना तिचा पर्याय शून्य ठेवा. न सांगितल्यास म्युटाजेन आधीपासून असलेली ताजी करते, देवनागरी तिथे मावत नाही, आणि तुमची नुकती सुधारलेली नावं तिथे प्रश्नचिन्हं होऊन बसतात.

तपासणी कानाने नाही, बेरजेने. एफएफएमपेगला फक्त ध्वनिप्रवाह घेऊन, पुन्हा एन्कोड न करता, त्याचा एमडी५, म्हणजे बाइटांवरून निघणारी तपास-बेरीज, काढायला सांगा. आधीचा आणि नंतरचा सारखा हवा. चौकट मोडलेल्या फाइलींत तो रास्त कारणाने वेगळा येऊ शकतो, कारण आधी टॅगचा कचराही ध्वनीत मोजला जात होता. तेवढ्या फाइली ऐकून पाहा. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीचा एमडी५ हेडरातच असतो, म्हणून फ्लॅकचं चाचणी-फर्मान पुरतं.

फाइलची बदल-तारीख पूर्ववत ठेवावी का? ‘नवीन भर’ यादी बिघडू नये म्हणून पुष्कळ जण ठेवतात. ठेवू नका. टॅगच्या शेवटी राखीव मोकळी जागा असते, छोटा बदल तिच्यातच सामावतो आणि फाइलचा आकार बदलत नाही. त्यात तारीखही जुनीच राहिली तर आकार आणि तारीख पाहून नकला ताज्या ठेवणारा आरसिंक हा प्रोग्रॅम ‘काही बदललं नाही’ असं समजून फाइल सोडून देतो. नकलेत मग बिघडलेलीच प्रत राहते. प्लेअरही अशाच हिशेबाने फाइल पुन्हा वाचत नाहीत. तारीख पुढे सरकू द्या आणि प्लेअरला संग्रह नव्याने चाळायला सांगा. तरीही एखाद्या फाइलचं जुनंच नाव दिसलं तर पहिल्या यादीत तिची ओळ बघा: तिथे बहुधा एपीई टॅगची नोंद असेल, आणि प्लेअर अजून तोच वाचत असेल.